पाटल्या चालतात, मग फियाट का नाही?



दशलक्षण पर्वाचा नववा दिवस होता. उत्तम आकिंचन्य धर्मावरचं प्रवचन ऐकून आम्ही बस्तीच्या पायऱ्या उतरत होतो. चपला शोधता शोधता एक वहिनी मागून म्हणाल्या, "अक्का, आज पंडितजी तुमच्यावरच बोलत होते की ओ!" चार-पाच जणी हसल्या. मीही हसले. घरी येऊन एकाशनाला बसले, तर घास उतरेना. त्या वहिनींचा राग आला म्हणून नव्हे. त्यांना उत्तर द्यायला हवं होतं आणि मी ते दिलं नव्हतं, म्हणून. ते आज देते. मोठं आहे, चहा घेऊन बसा.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी हकिगत. यंदा ज्येष्ठ महिन्यात मी एक जुनी गाडी विकत घेतली. प्रीमियर पद्मिनी, १९७९ सालची. आपण सगळ्या तिला फियाटच म्हणतो. कोल्हापुरातल्या एका घरी पत्र्याच्या शेडखाली ती अकरा वर्षं उभी होती. किंमत १ लाख १५ हजार. पैसे माझे. लग्नात अण्णांनी घातलेल्या चार तोळ्यांच्या पाटल्या लॉकरमध्ये पडून होत्या, त्या मोडल्या. घट वजा जाऊन ३ लाख ४५ हजार हातात आले. गाडी घेऊन २ लाख ३० हजार उरले. त्यातून ती पुन्हा रस्त्यावर आणायची, असं ठरवलं.

बातमी पसरली आणि बोलणी सुरू झाली. "या वयात?" "सोनं मोडून लोखंड घेतलं!" "बाईमाणसाला कशाला हवी ती खटारगाडी?" आणि सगळ्यांत वजनदार शब्द, जो उच्चारला की समोरच्या बाईने मान खाली घालायची असते: "परिग्रह."

मी मान खाली घालणार नाही. पण गाडी परिग्रह नाही, असंही म्हणणार नाही. शास्त्रात बाह्य परिग्रहाचे दहा प्रकार सांगितले आहेत आणि काही याद्यांमध्ये 'यान' म्हणजे वाहन स्पष्ट नावानिशी आहे. तेव्हा फियाट हा परिग्रह आहे, मान्य. पण त्याच दहांमध्ये हिरण्य आणि सुवर्णही आहे. चांदी वेगळी मोजली आहे, सोनं वेगळं मोजलं आहे. मग पाटल्या लॉकरमध्ये होत्या तेव्हा चाळीस वर्षांत एकाही आकिंचन्य दिवशी मला कोणी का नाही म्हणालं, "अक्का, आज तुमचाच दिवस"? एक परिग्रह मोडून मी दुसरा घेतला. बेरीज वाढली नाही. पहिल्याबद्दल कौतुक आणि दुसऱ्याबद्दल टोमणा, हा कुठला हिशेब?

याला ठरलेलं उत्तर येतं: "सोनं वाढतं हो, गाडी पैसा खाते." मी बी.कॉम. आहे, घसारा मला शिकवू नका. सोनं वाढतं हे खरंच. पण जे वाढतं ते परिग्रहातून सुटलं, असं कुठल्या आचार्यांनी लिहिलं आहे? उलट वाढतं म्हणून धरून ठेवायचं, याला आपल्याकडे सरळ नाव आहे, लोभ. सोनं ही अडीअडचणीची गुंतवणूक आहे असं म्हणायचं असेल तर जरूर म्हणा, त्यात तथ्य आहे. मग किती अडचणीसाठी किती तोळे, हेही सांगा. तो आकडा मला आजवर एकीनेही सांगितलेला नाही.

आणि गेल्या दिवाळीत आपल्यातल्याच तीन घरांत नव्या एसयूव्ही आल्या. बस्तीसमोर आणून कुंकवाचं स्वस्तिक काढलं, णमोकार म्हटला, पेढे वाटले. मीही पेढा खाल्ला, अभिनंदन केलं. आधीची गाडी पाच वर्षांची होती, छान चालत होती. नवीवर सात वर्षांचं कर्ज आहे. तेव्हा कोणाला आकिंचन्य आठवलं नाही. का? तर गाडी घरातल्या पुरुषाने घेतली होती आणि ती नवी होती. मला टोचतं ते हे. परिग्रहाचा प्रश्न आपण बाईने स्वतःच्या पैशातून स्वतःसाठी काही घेतलं की काढतो. इतर वेळी तो प्रश्न कपाटात घडी घालून ठेवलेला असतो.

कोणी म्हणेल, मोटारींचा आणि आपल्या समाजाचा काय संबंध? फार जवळचा आहे. ही गाडी बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी १९४४ मध्ये ज्यांनी काढली ते शेठ वालचंद हिराचंद आपल्या सोलापूरचे, दिगंबर जैन घरातले. आपल्या सांगलीचं वालचंद कॉलेज त्यांच्याच नावाचं. जहाजं, विमानं, मोटारी, परकीय सत्तेत जे जे आपल्याला जमणार नाही म्हणून सांगितलं जायचं, ते ते त्यांनी करायला घेतलं. कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी 'डुक्कर फियाट' निघाली. १९६४ पासून डिलाइट निघू लागली, तीच सत्तरच्या दशकात पद्मिनी झाली. चितोडच्या राणीचं नाव. चार सिलिंडरचं १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर, पुढची सीट बाकासारखी सलग. नंबर लावला की वर्षानुवर्षं वाट पाहायची. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत तुम्ही सगळ्या बसलेल्या आहात. त्यातली शेवटची ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. समाजातल्या एका कर्त्या माणसाने उभं केलेलं हे काम भंगाराच्या काट्यावर न जाता अजून काही वर्षं उपयोगी राहिलं, तर त्यात लाज वाटण्यासारखं काय आहे?

इथवर मी तुमच्याशी भांडले. आता स्वतःशी भांडते, नाहीतर लेख एकतर्फी होईल.

उमास्वामींनी परिग्रहाची व्याख्या वस्तूवरून केलेली नाही, मूर्च्छेवरून केली आहे. वस्तूत मन अडकणं म्हणजे परिग्रह. मग माझं मन अडकलं आहे का? खरं सांगते, अडकलं आहे. अण्णांची फियाट होती. भावाला त्यांनी तिच्यावर गाडी शिकवली. मी मागे लागले तर म्हणाले, "तू सासरी जाऊन शीक." चाळिशीत मी शिकले, पण तोवर अण्णा नव्हते आणि फियाट वजनावर विकली गेली होती. शेडखालची ती गाडी पाहिली तेव्हा मला पैशाचा मोह नव्हता, आठवणीचा होता. आणि आठवणीची मूर्च्छा हीसुद्धा मूर्च्छाच. ती नाही असं म्हटलं तर मी परिग्रहात असत्याचीही भर घालीन.

पण श्रावकाला वस्तू अजिबात नकोत असं शास्त्र सांगत नाही, ते मुनींचं महाव्रत. आपलं अणुव्रत आहे परिग्रह-परिमाण. परिमाण म्हणजे माप. किती, हे आधी ठरवायचं, लिहायचं आणि तिथे थांबायचं. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात या व्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यात अतिलोभ आणि अतिसंग्रह आहेत, अतिवाहनही आहे आणि विस्मयही आहे. विस्मय म्हणजे दुसऱ्याचं वैभव पाहून डोळे विस्फारणं. जुन्या गाडीच्या नादात माणसं कशी बुडतात ते पाहिलंत तर हे अतिचार एकेक करून समोर उभे राहतात.

आमच्या नात्यातच एकांनी जुनी जीप घेतली होती. पहिल्याच रविवारी उत्साहात सगळी खोलली. इंजिन एकीकडे, दारं दुसरीकडे, नट-बोल्ट एका घमेल्यात. किती खर्च करायचा, कधी संपवायचं, काहीच ठरवलेलं नव्हतं. दर महिन्याला "आता एवढे घातलेच आहेत तर अजून थोडे" असं करत पैसे जात राहिले. आमच्या हिशेबाच्या भाषेत याला बुडीत खर्च म्हणतात. जो गेला तो गेला, पुढचा निर्णय त्याच्याकडे पाहून घ्यायचा नसतो. पण माणूस नेमका त्याच्याकडेच पाहतो. नऊ वर्षं ती जीप ताडपत्रीखाली होती, नवरा-बायकोत तिच्यावरून अबोला होता, आणि शेवटी किलोच्या भावाने गेली. त्या वहिनींनी नऊ वर्षं कपाळाला हात लावला, पण पहिल्या दिवशी वही हातात घेतली नव्हती. घेऊ दिली नव्हती, असंही असेल. पण मागितलीही नव्हती.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: नाकं मुरडू नका, टाळ्याही वाजवू नका. वही मागा. वस्तू जुनी असो की नवी, तुमची असो की घरच्यांची, माप आधी लिहा. माझं माप मी इथे उघड करते. जिला तपासायचं तिने तपासावं.

वहीच्या पहिल्या पानावर रक्कम. दुरुस्तीला २ लाख १० हजार, कागदपत्रं, विमा आणि गाडी उचलून आणण्याला २० हजार. दुरुस्तीतले ३५ हजार ब्रेक आणि टायरला, १५ हजार वायरिंगला, ५५ हजार इंजिन व कार्बोरेटरला, ८० हजार पत्रा आणि रंगाला, २५ हजार सीट, काचांची रबरं वगैरेला. एका खात्यातून दुसऱ्यात पैसे वळवता येतील, पण एकूण बेरीज वाढणार नाही. वाढायची वेळ आली तर काम तिथे थांबेल. दुसऱ्या पाटल्या मोडल्या जाणार नाहीत, ह्यांच्याकडे मागणार नाही.

दुसऱ्या पानावर क्रम, कारण पैसा क्रमात बुडतो. बहुतेक जण आधी रंग देतात, कारण तो दिसतो. मग वायरिंगसाठी आणि पत्र्यासाठी तोच रंग पुन्हा खरवडतात. माझा क्रम असा: कागद, मग पत्र्याची तपासणी, मग ब्रेक, स्टिअरिंग, टायर, मग वायरिंग, मग इंजिन. रंग सगळ्यांत शेवटी. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करून घ्यावी लागते, पर्यावरण कर भरावा लागतो, आणि त्यासाठी आरटीओच्या तपासणीला न्यायची तर गाडी सुरक्षित चालती हवी. नोंदणी संपलेली गाडी चालवत आणायची नसते, म्हणून कोल्हापूरहून ती टेम्पोवर चढवून आणली. पैसे देण्याआधी आरसीवरचा चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरशी स्वतः ताडून पाहिला, मालकाच्या सह्या फॉर्मवर घेतल्या, थकलेला कर कोणी भरायचा ते लिहून घेतलं. या कामाला मेकॅनिक लागत नाही, चष्मा लागतो.

पत्र्याची तपासणीही मी केली. फ्रिजवरचं लोहचुंबक रुमालात गुंडाळलं आणि गाडीच्या अंगावरून फिरवलं. जिथे चिकटेना तिथे पत्रा सडलेला आणि वर लांबी भरलेली. ड्रायव्हरच्या पायाखाली, दारांच्या खालच्या पट्टीत आणि डिकीत स्टेपनीच्या खाली, अशा तीन जागा निघाल्या. विकणाऱ्याने एकच सांगितली होती. किंमत त्याच चुंबकाने दीड लाखावरून खाली आली.

मिस्त्री चांगले आहेत, पण पहिल्या दिवशी म्हणालेच, "काकू, सगळी एकदम खोलूया की! एकदाच काय ते होऊन जाईल." मी म्हटलं, "एका वेळी एकच भाग. तो पुरा बसला की पुढचा." खोलण्याआधी प्रत्येक भागाचा मोबाइलवर फोटो. नट-बोल्ट मसाल्याच्या रिकाम्या बरण्यांत, प्रत्येक बरणीवर चिठ्ठी: 'डावं पुढचं चाक', 'कार्बोरेटर'. मिस्त्री आधी हसले. आता त्यांनीच चार बरण्या जास्तीच्या मागितल्या आहेत. आपण वर्षानुवर्षं डब्यांवर नावं लिहीत आलो ते काही कमी कौशल्य नव्हतं, बायांनो.

तिसऱ्या पानावर अहिंसा. हे पान मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं आणि त्याबद्दल मला कोणी विचारलंच नाही.

मागची सीट उचलली तर काथ्यात उंदरीण आणि पाच पिल्लं. डोळेही न उघडलेली. मिस्त्री म्हणाले, "बाहेर टाकतो, पाच मिनिटांचं काम." मी काम थांबवलं. तीन आठवडे गाडीला कोणी हात लावला नाही. पिल्लं हिंडायला लागली, एक दिवस घरटं रिकामं झालं, मग सीट काढली. आत औषध फवारू दिलं नाही. कोळ्यांची जाळी मऊ कुंच्याने, कोळी बाहेर गेल्यावर. पावसाळ्यात ओल्या अंगणात पत्रा धुण्या-घासण्याचं काम ठेवलं नाही, किडामुंगी किती असते. ते दिवाळीनंतर सुरू केलं. उशीर झाला, पैसा गेला नाही.

सीटसाठी एकाने कातडं सुचवलं, "क्लासिक लुक येतो." कसला लुक? या गाडीला कारखान्यातूनही साधं रेक्झिनच यायचं. आपल्या घरी कातड्याची पर्स चालत नाही आणि नव्या गाड्यांत कातडी सीट मात्र चालते, याचा विचार ज्यांच्या घरी एसयूव्ही आली आहे त्यांनी करावा. गाडी घेताना सीट कशाची, हा प्रश्न कितीजणींनी विचारला होता?

बंपरला नवा क्रोम चढवा, असाही आग्रह झाला. क्रोमच्या हौदातलं पाणी फार विषारी असतं, ते नीट शुद्ध न करता सोडलं तर ओढ्यापर्यंत जातं. आमच्या बंपरवर नुसता वरवरचा तांबेरा होता. चपात्या गुंडाळतो ती ॲल्युमिनियमची फॉइल पाण्यात बुडवून चोळली, अर्धा तांबेरा तिथेच उतरला. उरले ते बारीक खड्डे. ते राहतील. माझ्याही चेहऱ्यावर आहेत. इथे विस्मयाचा अतिचार मला स्वतःला चिकटला होता, हेही सांगते. एका लग्नात कोणाची तरी आरशासारखी चकचकीत फियाट पाहिली आणि रात्रभर त्या बंपरचाच विचार. सकाळी उठून वहीत लिहिलं, 'नवा क्रोम नाही.' लिहिल्यावर सुटले. मापाचा उपयोग हाच असतो, ते मन शांत करतं.

आता सगळ्यांत अवघड आक्षेप. माझ्या भाचीने घेतला, म्हणून जास्त लागला. "मावशी, जुनी गाडी धूर जास्त सोडते, मग तुझी अहिंसा कुठे गेली?" बरोबर आहे. या गाडीत आजच्या गाड्यांसारखी धूर स्वच्छ करणारी यंत्रणा नाही. कार्बोरेटर नीट लावला, इंजिन तेल जाळत नसलं तर धूर कमी होतो, पण नव्या गाडीइतका होणार नाही. यावर मी युक्तिवाद करत नाही, माप लावते. वर्षाला १,५०० किलोमीटर. कुंभोजला बाहुबलीच्या दर्शनाला, बहिणीकडे, बस. बाजारहाट, दवाखाना चालत किंवा रिक्षाने. घरात दुसरी गाडी येणार नाही. किलोमीटरचा आकडा वहीत दर महिन्याला चढेल. भाची म्हणाली, "पंधराशे झाले आणि दर्शन राहिलं तर?" मी म्हटलं, एस.टी. आहे.

पेट्रोलचीही एक गोष्ट सांगून ठेवते, जिच्या घरी जुनी गाडी किंवा स्कूटर आहे तिच्या उपयोगी पडेल. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आपल्याच भागातल्या उसाचंही असेल. ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि जुन्या रबराला फुगवतं, भेगा पाडतं. म्हणून टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतच्या सगळ्या नळ्या आणि पेट्रोल पंपाचा पडदा नव्या पेट्रोलला टिकणारा घालून घ्या. इंजिन तर चावी देऊन एकदम सुरू करूच नका. आम्ही जुनं पेट्रोल काढून टाकलं, स्पार्क प्लग काढून चारी सिलिंडरमध्ये थोडं थोडं तेल सोडलं, दोन दिवस ठेवलं आणि मग पान्याने पुली हळूहळू हाताने फिरवली. तिसऱ्या प्रयत्नाला ती फिरली. अडकलेल्या गोष्टीला जोर लावला की मोडते, तेल सोडून थांबलं की फिरते. सुनेशी वागताना हे मला तीस वर्षांपूर्वी कळायला हवं होतं. पण तो वेगळा लेख.

"व्हिंटेज म्हणून विकून लखपती व्हायचं असेल," असंही कोणी म्हणालं. २०२१ च्या नियमाप्रमाणे व्हिंटेज नोंदणीला गाडी पन्नास वर्षांपेक्षा जुनी लागते, आणि ती नोंदणी झाल्यावर रोजच्या वापराला बंदी. माझी त्या वयाला २०२९ मध्ये पोचेल. मला दाखवायला आणि विकायला गाडी नको, चालवायला हवी. आणि जेव्हा मला चालवता येणार नाही, तेव्हा ती ज्याला चालवायची त्याला घेतल्या किमतीत द्यायची. तेही वहीत लिहिलं आहे, मुलाची सही घेतली आहे. सोडायचं कधी, हे घेतानाच लिहिलं की मूर्च्छा निम्मी उतरते. निम्मीच. उरलेली माझ्या जिवाची आहे, तिचं प्रतिक्रमण मी करीन.

आज गाडी अंगणात चार ठोकळ्यांवर उभी आहे. चारी चाकांचे ब्रेक नवे झाले, ३५ हजारांच्या खात्यातले ३३,४०० संपले, टायर बाकी आहेत, म्हणजे ते खातं फुटणार. रंगाच्या खात्यातून वळवावं लागेल. मग कदाचित सगळ्या गाडीला रंग न देता नुसता सडलेला पत्रा बदलून तेवढ्याच जागी रंग द्यावा लागेल. ठिगळ दिसेल. दिसू दे. एकूण बेरीज वाढणार नाही असं मी तुमच्यासमोर लिहिलं आहे, आता ते पाळणं भाग आहे. खरं तर त्याच लोभाने हा लेख लिहिला.

तेव्हा त्या वहिनींना आणि त्या दिवशी पायऱ्यांवर हसलेल्या सगळ्यांना माझी विनंती आहे. परिग्रहाचा प्रश्न जरूर विचारा. तो आपल्या धर्माचा प्रश्न आहे, विचारलाच पाहिजे. पण वस्तू घरात येण्याआधी विचारा, आल्यावर टोमणा म्हणून नको. बाईला विचारता तसा बाप्याला विचारा. लोखंडाला विचारता तसा सोन्याला विचारा. आणि सगळ्यांत आधी स्वतःच्या लॉकरला विचारा. पुढच्या दशलक्षणात, आकिंचन्याच्या दिवशी, प्रवचन संपल्यावर मी माझी वही बस्तीत घेऊन येईन आणि तीन पानं मोठ्याने वाचून दाखवीन. जिथे माप चुकलं असेल तिथे तुम्ही सांगा, मी ऐकून घेईन. येताना तुमचीही आणा. किती तोळे, किती साड्या, किती गाड्या, आणि त्यासमोर तुमच्या हाताने लिहिलेलं माप. मग आपण बसू, मोजू, आणि हसायचं असेल तर सगळ्या मिळून हसू.

या लेखात कोणाचं मन दुखावलं असेल तर उत्तम क्षमा. मत मात्र मागे घेत नाही.

जय जिनेंद्र.